पायांतून वर चढणारी दुर्बलता

समजा, आपल्या शाळेतील सातवीचा एक मुलगा सोमवारी जिना चढताना कठड्याला धरू लागला. गेल्या आठवड्यात जुलाब झाल्यामुळे तो दोन दिवस गैरहजर होता. आता पायांना मुंग्या येतात, एवढीच त्याची तक्रार आहे. मंगळवारी मांडी घालून बसला तो हात टेकल्याशिवाय उठेना. बुधवारी पाण्याचा तांब्या उचलताना त्याचे हात थरथरले. घरचे म्हणतात, जुलाबाने अशक्तपणा आला. शेजारी म्हणतात, वारं गेलं असेल, तेल लावून चोळा. कोणी एखाद्या देवऋषीचा पत्ता देतो. ताप नाही, कोठे पडला-झडला नाही, मुलगा शुद्धीवर आहे व नीट बोलतो. म्हणून कोणालाच घाई वाटत नाही.

ही घाई का वाटली पाहिजे, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

वरील वर्णन ज्या विकाराचे आहे, त्याचे नाव जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रात घरोघरी पोचले. पुण्यातील सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत थोड्याच आठवड्यांत या विकाराचे अनेक रुग्ण आढळले आणि पुढे पुणे परिसरातील रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. वृत्तपत्रांनी त्याला ‘गुलेन बॅरी सिंड्रोम’ किंवा ‘जीबीएस’ म्हटले. हे नाव ज्या फ्रेंच डॉक्टरांवरून पडले, त्यांच्या नावांचा मूळ उच्चार गियाँ आणि बारे असा आहे. आपण येथे जीबीएस हाच शब्द वापरू.

त्या दिवसांत नगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) शिक्षकांनी आम्हाला विचारलेला पहिला प्रश्न होता, “ही पुण्याची साथ आपल्याकडे येईल का?” आमचे उत्तर त्यांना अनपेक्षित होते. हा विकार येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, तो येथे पूर्वीपासूनच आहे. जगभरच्या पाहण्यांनुसार दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण एक ते दोन जणांना तो होतो. २०११ च्या जनगणनेनुसार नगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४५ लाख ४३ हजार होती. मग गुणाकार करून पाहा. वर्षाला अंदाजे ४५ ते ९० रुग्ण, म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला एक. विकार दुर्मीळ खरा, परंतु चौदा तालुक्यांच्या या विस्तीर्ण जिल्ह्यात तो कोठे ना कोठे कोणाच्या तरी घरी असतोच.

वेष्टण असलेली तार

मेंदू व मज्जारज्जू यांतून निघून हातापायांपर्यंत जाणाऱ्या चेतांना परिघीय चेता म्हणतात. प्रत्येक चेतेत हजारो बारीक तंतू असतात. विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असते, तसे यांतील जाड तंतूंवर मायेलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते. ते श्वान पेशी तयार करतात. वेष्टण सलग नसते. साधारण एकेक मिलिमीटर अंतरावर त्यात बारीक फट असते, आणि संदेश या फटीवरून त्या फटीवर उड्या मारीत जातो. त्यामुळे तो सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहूनही वेगाने धावू शकतो. वेष्टण नसलेल्या तंतूंतून तोच संदेश सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर वेगाने सरपटतो.

या फरकाचा अनुभव आपण सर्वांनी घेतलेला आहे. पायाला ठेच लागली की आधी आपटल्याचे कळते आणि झणझणती कळ थोडी मागून येते. स्पर्शाची वार्ता वेष्टणाच्या तंतूंतून येते, मागची कळ बिनवेष्टणाच्या तंतूंतून.

जीबीएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारसंस्था परिघीय चेतांवर हल्ला करते. तेथे दाह होतो आणि वेष्टण ठिकठिकाणी सोलले जाते. संदेश मंदावतात, काही वाटेतच थांबतात. पायांकडे जाणारे तंतू सर्वांत लांब असल्यामुळे त्यांवर घाव बसण्याची शक्यताही सर्वांत जास्त असते. म्हणूनच दुर्बलता बहुधा पायांत सुरू होऊन वर चढते. मांड्या, हात, चेहरा, गिळण्याचे स्नायू आणि काही रुग्णांत श्वासाचे स्नायू असा तिचा प्रवास असतो. अर्धांगवायूत बिघाड मेंदूत असतो व शरीराची एक बाजू जाते. येथे मेंदू शाबूत असतो आणि दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच लुळ्या पडतात.

वर्गात करून पाहा

चेतेतील संदेशाचा वेग वर्गात मोजता येतो. चाळीस मुलांना एका रांगेत जमिनीवर बसवा व डोळे मिटायला सांगा. प्रत्येकाने आपला हात पुढच्या मुलाच्या खांद्यावर ठेवावा. स्वतःच्या खांद्यावर दाब जाणवताच पुढच्याचा खांदा दाबायचा. पहिला दाब आपण द्यावा आणि शेवटच्या मुलाने हात वर करेपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजावा. आता हाच खेळ पुढच्याच्या घोट्यावर हात ठेवून खेळा. या वेळी थोडा जास्त वेळ लागेल, कारण घोट्यापासून निघालेल्या संदेशाला मेंदूपर्यंत जायला अधिक अंतर तोडावे लागते. विचार करून हात दाबायला लागणारा वेळ दोन्ही खेपांना सारखाच असल्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो.

समजा, दोन वेळांतील फरक ०.८ सेकंद आला. त्याला ४० ने भागले की प्रत्येक मुलामागे ०.०२ सेकंद. घोटा व खांदा यांच्या मेंदूपासूनच्या अंतरांतील फरक एक मीटर धरला, तर वेग सेकंदाला ५० मीटर. फरक लहान असल्याने प्रत्येक खेळ आठ-दहा वेळा खेळून सरासरी काढावी, नाहीतर घड्याळ दाबण्यातील चूकच मोठी ठरेल.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८५० मध्ये बेडकाच्या चेतेवर हीच युक्ती वापरली. चेतेला दोन वेगवेगळ्या ठिकाणी विजेचा सूक्ष्म धक्का देऊन त्याने वेळांची वजाबाकी केली. त्याला वेग मिळाला सेकंदाला सुमारे २७ मीटर. आज रुग्णालयात होणारी ‘नर्व्ह कंडक्शन’ चाचणी याच वजाबाकीवर उभी आहे.

शत्रू ओळखण्यातील चूक

प्रतिकारसंस्था स्वतःच्याच चेतांवर का उलटते? जीबीएसच्या सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना त्याआधीच्या सहा आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-खोकल्यासारखा एखादा संसर्ग झालेला असतो. त्यांतील सर्वांत परिचित जंतू म्हणजे कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी. तो कोंबड्या व इतर पाळीव प्राण्यांच्या आतड्यांत सुखाने राहतो आणि दूषित पाणी, कच्चे दूध किंवा अर्धवट शिजलेले मांस यांतून माणसाच्या पोटात जातो. पुण्याच्या उद्रेकातही अनेक रुग्णांना आधी जुलाब झाले होते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हा जंतू सापडला आणि तपासाचा रोख पिण्याच्या पाण्याकडे वळला.

या जंतूच्या काही प्रकारांच्या बाह्य आवरणावरील शर्करेची साखळी आपल्या चेतातंतूंवरील गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंशी हुबेहूब जुळते. १९९० च्या दशकात जपानी संशोधक नोबुहिरो युकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे साम्य दाखवून दिले. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे जंतू संपल्यावरही रक्तात फिरत राहतात आणि चेतेवर तोच चेहरा दिसला की तिला चिकटतात. अशा प्रकारात पुष्कळदा वेष्टणापेक्षा आतली तारच जखमी होते. तथापि घाबरण्याचे कारण नाही. या जंतूचा संसर्ग झालेल्या साधारण हजारांतील एकालाच जीबीएस होतो. हा विकार एकापासून दुसऱ्याला लागतही नाही. रुग्णाच्या शेजारी बसण्यात कोणताच धोका नाही.

आमच्या पिढीला या प्रकारच्या चुकीचे आणखी एक उदाहरण आठवेल. कुत्रे चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवीत. मेंदूत मायेलिन असतेच. त्यामुळे लस घेणाऱ्या काही थोड्या लोकांत प्रतिकारसंस्था स्वतःच्या मायेलिनवर उलटे व लुळेपणा येई. भारतात ही लस आता बंद झाली आहे. पेशीसंवर्धनातून बनणाऱ्या सध्याच्या लशीत मेंढीचा मेंदू नसतो, म्हणून ती घ्यायला कोणी कचरू नये.

निदान कसे होते?

पहिली पायरी अगदी साधी आहे. डॉक्टर रबरी हातोडीने गुडघ्याखाली टिचकी मारतात. निरोगी माणसाचा पाय उडतो. पाठ्यपुस्तकात आपण शिकवतो ती हीच प्रतिक्षिप्त क्रिया. जीबीएसमध्ये हा झटका मंदावतो किंवा नाहीसा होतो, कारण जाणारा व येणारा दोन्ही मार्ग चेतेतूनच जातात. दोन्ही बाजूंची वाढत जाणारी दुर्बलता आणि हरवलेले झटके, एवढ्यावर जाणकार डॉक्टर रुग्णाला दाखल करून घेतात.

दुसरी पायरी म्हणजे पाठीच्या कण्यातून सुईने काढलेले पाणी तपासणे. ‘पाठीतले पाणी काढले की माणूस अधू होतो’ हा समज चुकीचा आहे. सुई मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली घालतात. १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत गियाँ, बारे आणि स्त्रोल या तिघा फ्रेंच डॉक्टरांनी लुळ्या पडलेल्या दोन सैनिकांच्या पाण्यात एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. त्यात प्रथिने पुष्कळ होती, पण पेशी वाढलेल्या नव्हत्या. जंतुसंसर्ग असता तर पेशीही वाढल्या असत्या. ही खूण आजही उपयोगी पडते.

तिसरी पायरी चेतेतील वेग मोजण्याची. मनगटाजवळ व कोपराजवळ चेतेला सौम्य धक्का देतात आणि अंगठ्याचा स्नायू किती वेळाने हालतो ते पाहतात. समजा, मनगटापासून ३.५ व कोपरापासून ७.५ सहस्रांश सेकंद लागले आणि मधले अंतर २२ सेंटिमीटर आहे. मग वेग झाला सेकंदाला ५५ मीटर. याच अंतराला चारऐवजी अकरा सहस्रांश सेकंद लागले तर वेग २० मीटरवर येतो. याचा अर्थ वेष्टण गेले. वेग ठीक, पण स्नायूचा प्रतिसादच क्षीण, असे आढळले तर आतली तार जखमी असण्याची शक्यता जास्त.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिल्या आठवड्यात पाण्याची व वेगाची अशा दोन्ही चाचण्या निर्दोष येऊ शकतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून रुग्णाला घरी नेणे धोक्याचे ठरते. पहिल्या दिवसांत हातोडी आणि रुग्णाची हकीकत यांवरच जास्त भरवसा ठेवावा लागतो.

दुसऱ्या शक्यताही तपासाव्या लागतात. आपल्या भागात पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते व चावल्याची खूण दिसतही नाही. पण त्या लुळेपणाची सुरुवात बहुधा जड झालेल्या पापण्यांनी होते व तो वरून खाली उतरतो. जुलाबांनंतर रक्तातील पोटॅशियम घटूनही हातपाय गळतात. पोलिओत ताप असतो व बहुधा एकच पाय जास्त लुळा पडतो.

उपचार आणि वेळ

जीबीएसची दुर्बलता बहुतेक रुग्णांत दोन आठवड्यांत आणि जास्तीत जास्त चार आठवड्यांत शिगेला पोचते, मग थांबते व हळूहळू ओसरते. रुग्णाला या चार आठवड्यांतून सुखरूप पार नेणे हाच उपचाराचा गाभा आहे. शंभरांतील २० ते ३० रुग्णांच्या श्वासाचे स्नायू इतके थकतात की त्यांना व्हेंटिलेटर लावावा लागतो. नाडी व रक्तदाबही अचानक वरखाली होतात. एका दमात मोठ्याने आकडे मोजायला लावणे ही एक सोपी तपासणी डॉक्टर वारंवार करतात. निरोगी प्रौढ माणूस सहज तीस-चाळीसच्या पुढे जातो. रुग्ण विसाच्या आत अडखळू लागला तर श्वास धोक्यात आला असे समजतात. बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र मात्र अगदी शेवटपर्यंत ठीक आकडे दाखवीत राहू शकते.

प्रतिकारसंस्थेचा हल्ला आवरण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला रक्तद्रव बदलण्याचा. यंत्राने रक्तातील प्रतिपिंडयुक्त द्रव काढून टाकतात व त्याजागी स्वच्छ द्रव भरतात. त्याचा उपयोग १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने सिद्ध झाला. दुसरा मार्ग म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून वेगळे काढलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देणे. ते तितकेच गुणकारी आहे, असे १९९२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखविले. नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोला रोज ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस. ५० किलोच्या माणसाला एकूण १०० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या वीस कुप्या. एकेक कुपी हजारो रुपयांची असल्याने खर्च लाखांच्या घरात जातो. म्हणून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशी करावी. दोन्ही उपचार लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत दिल्यास सर्वांत जास्त उपयोगी पडतात. दाह म्हटला की आपल्याला स्टेरॉइड आठवते, परंतु जीबीएसमध्ये त्याचा फायदा होत नाही, हे चाचण्यांनी स्पष्ट झाले आहे.

पुढची वाटचाल कोणता भाग जखमी झाला यावर अवलंबून असते. वेष्टण काही आठवड्यांत ते महिन्यांत पुन्हा गुंडाळले जाते. आतली तार तुटली तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटरच वाढते. मज्जारज्जूपासून पावलापर्यंतचे एक मीटर म्हणजे हजार दिवस! सहा महिन्यांनी शंभरांतील सुमारे ८० रुग्ण आधाराशिवाय चालू लागतात. तरीही शंभरांतील सुमारे पाच दगावतात. रुग्ण उशिरा पोचला, तर हा आकडा वाढणार हे उघड आहे.

सावकाश येणारा भाऊबंद

याच कुळातील एक विकार याहून दुर्मीळ आहे व जास्त फसवतो. त्याचे लांबलचक इंग्रजी नाव आद्याक्षरांनी सीआयडीपी असे लिहितात. मराठीत ‘दीर्घकालीन दाहजन्य चेताविकार’ म्हणता येईल. येथेही वेष्टणावरच हल्ला असतो, पण दुर्बलता आठ आठवड्यांहून अधिक काळ वाढत राहते किंवा कमी होऊन पुनःपुन्हा उलटते. जीबीएस चार आठवड्यांच्या आत शिगेला पोचतो, सीआयडीपी आठ आठवड्यांनंतरही वाढतच असतो. दोघांना वेगळे करणारी ही मुख्य रेषा आहे. सुरुवातीला जीबीएस वाटलेला एखादा रुग्ण तीन किंवा अधिक वेळा पुन्हा ढासळला, तर निदानाचा फेरविचार करावा लागतो.

हा रुग्ण बहुधा प्रौढ असतो. बस चढताना पाय उचलत नाही, शेतात उकिडवे बसले की उठवत नाही, शर्टाची गुंडी लावताना बोटे वळत नाहीत. या तक्रारी वयाच्या, वाताच्या, मणक्याच्या किंवा मधुमेहाच्या खात्यावर जमा होतात व वर्षे निघून जातात. मधुमेहाने पायांना मुंग्या व बधिरपणा येतो खरा, परंतु मांड्यांची व दंडांची ताकद सहसा जात नाही. कुष्ठरोगातही चेता सुजतात, पण तेथे बधिर चट्टा किंवा कोपराजवळ जाड झालेली चेता हाताला लागते. मांड्या व हात दोन्ही दुर्बल, झटके गेलेले आणि त्रास दोन महिन्यांहून जुना, अशा माणसाच्या चेतांचा वेग मोजायलाच हवा.

कारण सीआयडीपीवर उपचार आहे. जीबीएसमध्ये निरुपयोगी ठरलेले स्टेरॉइड येथे गुणकारी ठरते. इम्युनोग्लोब्युलिन व रक्तद्रव बदलणे हे मार्गही आहेतच. उपचार मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ चालू ठेवावा लागतो. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत. दोन भाऊबंद विकारांचे औषध इतके वेगळे असते, म्हणून निदान अचूक हवे.

शिक्षकांचा वाटा

आता पुन्हा जिन्याच्या कठड्याला धरणाऱ्या त्या मुलाकडे येऊ. मुलगा रोज कसा चालतो, कसा उठतो, हे आईवडिलांखालोखाल आपल्यालाच माहीत असते. कालपर्यंत धावणारे मूल अचानक लुळे चालू लागले, तर त्याच दिवशी पालकांना बोलवावे व मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे. अकोल्यातील एखाद्या वाडीवरून किंवा जामखेडच्या टोकावरून अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयापर्यंत पोचायलाच काही तास जातात. लोणी किंवा विळद घाट येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असो, नगर असो की पुणे, निघायला उशीर करू नये. गिळताना ठसका लागत असेल, आवाज क्षीण झाला असेल किंवा दम लागत असेल, तर तोंडाने काही पाजू नये व तडक १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागवावी.

आणखी एक कर्तव्य पुष्कळांना ठाऊक नसते. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला अचानक आलेला लुळेपणा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावा लागतो. अशा मुलाच्या शौचाचे दोन नमुने किमान २४ तासांच्या अंतराने व १४ दिवसांच्या आत घेऊन पोलिओसाठी तपासतात. भारतातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, आणि तो परत आलेला नाही हे आपण या पाळतीमुळेच खात्रीने म्हणू शकतो. जीबीएसचा प्रत्येक बालरुग्ण या नोंदीत यायलाच हवा.

राहिला प्रश्न पाण्याचा. कॅम्पायलोबॅक्टर उकळीने मरतो व पुरेशा क्लोरिननेही मरतो. उन्हाळ्यात टँकरने भरलेल्या विहिरीत टीसीएल पावडर पडली का, आणि शाळेच्या नळाला ओ.टी. चाचणीत पिवळा रंग येतो का, हे विज्ञानाच्या तासाला मुलांसमक्ष पाहता येईल. जलसुरक्षकाला त्यासाठी वर्गात बोलवावे. रंग न आल्यास ग्रामपंचायतीला त्याच दिवशी लेखी कळवावे, आणि क्लोरिन पुन्हा दिसेपर्यंत शाळेत उकळलेलेच पाणी द्यावे.